मुक्कामाचा प्रश्न

अलीकडे प्रवासाचा एक नवा प्रकार आपल्या तरुणांच्या बोलण्यात येऊ लागला आहे. एक मोटरसायकल घ्यायची, पाठीला पिशवी बांधायची, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असे देश पालथे घालायचे आणि रात्री हॉटेलात न उतरता तिथल्याच एखाद्या कुटुंबाकडे मुक्काम करायचा. आमच्या महाविद्यालयातील मुले अशा प्रवासाच्या हकिकती आवडीने वाचतात आणि मला विचारतात, "सर, इतक्या महाग देशात इतक्या कमी पैशांत माणूस फिरतो कसा?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाने तो विचारला तर उत्तर एक असते आणि श्रीपूरच्या साखर कारखान्यालगतच्या वस्तीतील मुलाने विचारला तर दुसरे असते. प्रस्तुत लेखात ही दोन्ही उत्तरे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवासाला पैसा लागतो हे खरे, पण तो मुख्यतः दोन गोष्टींवर जातो: वाहन आणि मुक्काम. मोटरसायकलीने पहिला खर्च कमी होतो. तिला पेट्रोल कमी लागते. नॉर्वेत बहुतेक टोलनाक्यांवर तिच्याकडून टोल घेत नाहीत. आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही. मात्र खरी बचत होते ती मुक्कामात, आणि ती कुणीतरी अनोळखी माणूस आपले दार उघडतो म्हणून होते. स्वस्त प्रवास म्हणजे कमी पैशांचा प्रवास, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पैशाची जागा तिथे विश्वासाने घेतलेली असते. हा विश्वास कुणाच्या वाट्याला येतो आणि कुणाच्या येत नाही, हा सामाजिक प्रश्न आहे आणि आपल्या देशात तो जातीचा प्रश्न आहे.

तिकडे हा विश्वास कसा उभा राहिला, ते आधी पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर या अमेरिकन शांततावादी तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी एक चळवळ सुरू केली. देशोदेशींच्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावे, एकमेकांचे जगणे पाहावे आणि त्यातून युद्धाची वृत्ती कमी व्हावी, असा तिचा हेतू होता. पुढे ही चळवळ 'सर्वास' या नावाने ओळखली जाऊ लागली. एस्पेरांतो भाषेतील या शब्दाचा अर्थ 'सेवा करतो' असा आहे. पद्धत अशी की प्रवाशाला ओळखपत्र मिळते, यजमानांची यादी मिळते, साधारणतः दोन रात्रींचा मुक्काम होतो आणि पैशाचा व्यवहार होत नाही. २००४ मध्ये 'काउचसर्फिंग' निघाले. तिथे पाहुणा आणि यजमान एकमेकांविषयी शेरा लिहून ठेवतात आणि त्या शेऱ्यावर पुढचे दार उघडते.

याच्या जोडीला तिथे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. स्वीडनमध्ये 'अल्लेमान्सरेत्तेन' नावाची जुनी रीत आहे. प्रत्येक माणसाचा हक्क, असा तिचा अर्थ. जमीन कुणाच्याही मालकीची असो, पिकाची नासधूस न करता आणि घराच्या अगदी जवळ न जाता तिच्यावरून चालायचा, रात्रीपुरता तंबू ठोकायचा, रानातली फळे खायचा हक्क सर्वांना आहे. १९९४ मध्ये स्वीडनच्या राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आला. नॉर्वेने १९५७ सालीच तसा कायदा केला. वस्तीच्या घरापासून किमान दीडशे मीटर दूर राहून मोकळ्या रानात दोन रात्री तंबू टाकता येतो, मालकाला विचारावे लागत नाही. डेन्मार्कमध्ये हा हक्क इतका व्यापक नाही. तसेच तो पायी चालणाऱ्याचा हक्क आहे, मोटरसायकल रानात घालण्याचा नव्हे. तरी त्यामागचे तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. वाटसरूला जमिनीवर पाठ टेकण्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही आणि मालकाची दया भाकावी लागत नाही. गावकुसाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आणि पाठ टेकायलाही कुणाची तरी मेहेरबानी लागणाऱ्या आपल्या समाजाला या कायद्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कुणी म्हणेल की आपल्याकडे काय कमी आहे? 'अतिथी देवो भव' हे आपल्याच संस्कृतीचे वचन. वारीचेच उदाहरण घ्या. तुकोबांची पालखी आमच्या परिसरातून अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली अशी पुढे जाते. हजारो माणसे दोन-तीन आठवडे चालतात, गावोगाव जेवतात, ओसऱ्यांवर, शाळांत, तंबूंत झोपतात. कमी पैशांचा आणि यजमानांच्या भरवशावरचा असा प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी असेल. ते सारे खरे. पण त्या वाटेच्या शेवटी नामदेव पायरीजवळ, मंदिराच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. देवाच्या दारी पोहोचलेल्या पाहुण्याला आत घेतले नाही, याची ती खूण आहे. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आणि पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना टेकायला जागा नव्हती म्हणूनच गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. १९४९ साली बाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

तेव्हा 'अतिथी' कुणाला म्हणावे हेच आधी जातीने ठरवले होते. महाराच्या वतनी कामांत वाटसरूला आणि सरकारी अंमलदाराला रस्ता दाखवण्याचे, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचवण्याचे काम होते. दुसऱ्याला वाट दाखवणारा हा माणूस स्वतः प्रवासाला निघाला की त्याला वाटेत पाणी मिळत नसे. १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली, पण त्यामागची वृत्ती कायद्याने संपत नसते.

भटक्या-विमुक्तांची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांचे सारे आयुष्यच प्रवास, पण तो प्रवासच गुन्हा ठरवला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हजेरी आणि पास आला. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती माणसे कायद्याने मुक्त झाली, पण आजही सोलापुरात त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले तेव्हा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव जाणाऱ्या कैकाडी कुटुंबाचा प्रवास मराठी वाचकाने पहिल्यांदा आतून पाहिला. मराठीत प्रवासवर्णनांचे कपाट भरलेले आहे, पण त्यात हा प्रवास नव्हता. प्रवासवर्णन लिहिणारा लेखक जिथे जाईल तिथे पाहुणा असतो, हे त्या वाङ्मयप्रकाराने गृहीतच धरलेले आहे.

या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का देणारे लेखन बाबासाहेबांचे आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या शीर्षकाचे त्यांचे छोटे इंग्रजी आत्मकथन १९३५-३६ च्या सुमाराचे. ते हस्तलिखितातच राहिले होते. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपात छापले आणि १९९३ मध्ये शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या बाराव्या खंडात ते आले. परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कसे समजावून सांगावे, या विचारातून ते लिहिले गेले. त्यात सहा प्रकरणे आहेत आणि त्यांपैकी पहिली चार प्रवासाची आहेत, ही बाब आपण पुरेशी लक्षात घेतलेली नाही. अस्पृश्यता समजावून सांगायची तर बाबासाहेबांनी वाहनाचा आणि मुक्कामाचा प्रश्न निवडला. असे का? गावात राहणाऱ्या माणसाची जात गावाला माहीतच असते. प्रवासात ती नव्याने विचारली जाते आणि प्रत्येक दारात पुन्हा शिक्षा होते. म्हणून प्रवासात व्यवस्था अधिक उघडी दिसते.

पहिला प्रवास १९०१ चा. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटायला भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. मराठी चरित्रांत ते गाव गोरेगाव असे येते, इंग्रजी प्रतीत कोरेगाव असे छापले आहे. मुलांचे पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. चांगल्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरने विचारपूस केली. महाराची मुले आहोत, असे उत्तर येताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडीत घ्यायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी: दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्री गाडी टोलनाक्यावर थांबली. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. मुसलमान आहोत असे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. आज दुचाकीला टोलनाक्यावर सवलत आहे, हे मी वर लिहिले. ते लिहिताना हा नाका माझ्या डोळ्यांपुढे होता.

दुसरा प्रसंग १९१७ चा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे माहीत असल्याने ते एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. म्हणजे पैसा होता, पदवी होती, महाराजांची नोकरी होती. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या घरातील अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्रीची होती, तोवर बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. मुक्काम पैशाने विकत मिळतो, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तिसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब त्या भागात गेले होते. महारवाड्यातील लोकांनी आग्रह केला म्हणून ते तिथे मुक्कामाला थांबले. स्टेशनपासून वस्ती चालत जाण्याइतकी जवळ होती, पण आपल्या पाहुण्याने पायी यावे हे यजमानांना कमीपणाचे वाटले. टांगेवाला अस्पृश्याला घेऊन जायला तयार होईना. मग टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने तो हाकला. त्याला सराव नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. यजमान गरीब होते, पण पाहुण्याचा मान कसा राखावा हे त्यांना कळत होते. त्यांच्याजवळ नव्हते ते वाहन आणि ते चालवण्याचा सराव.

चौथा प्रसंग १९३४ चा. तीसेक कार्यकर्त्यांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले. नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबादकडे. दौरा जाहीर केलेला नव्हता. जिथे थांबायचे ठरले होते तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना आगाऊ निरोप दिला होता. दौलताबादला ते लोक चहापाण्याची तयारी करून वाट पाहत होते. पुढे किल्ल्याच्या दाराशी हौदात हातपाय धुतल्यावरून मुसलमान जमावाने जी शिवीगाळ केली आणि पाण्याला हात लागू नये म्हणून जो हत्यारबंद पहारेकरी सोबत दिला गेला, तो भाग सर्वांना माहीत आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते त्या आगाऊ निरोपाकडे. बाबासाहेबांच्या दौऱ्यामागे आपल्याच माणसांच्या घरांची साखळी होती.

अशीच साखळी अमेरिकेतील काळ्या लोकांनी त्याच सुमारास बांधली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ साली 'ग्रीन बुक' छापले. मोटारीने फिरणाऱ्या काळ्या माणसाला कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, कोणत्या गावात कोणते कुटुंब रात्री राहू देईल, याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर काही वर्षांतच ते निघायचे बंद झाले. या पुस्तकाची गरज उरणार नाही असा दिवस यावा, हीच ग्रीनची इच्छा होती.

आपले ग्रीन बुक कधी छापले गेले नाही. ते तोंडी राहिले. नागपूरला दीक्षाभूमीवर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात ती कुणाच्या भरवशावर? कुणाच्या तरी चाळीतील खोली, एखादे विहार, एखादे वसतिगृह, भीमनगरातील एखादी ओळख. 'जयभीम' म्हटले की दार उघडते. आमच्यासारखी घरातील पहिली पदवी घेणारी मुले परीक्षेला, मुलाखतीला परगावी गेली ती याच साखळीवर. माझ्या वडिलांनी कारखान्याच्या कामावर हयात घालवली, त्यांच्याजवळ लॉजचे पैसे कधीच नव्हते. पुण्याच्या मुलाखतीला मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा ज्यांच्याकडे झोपलो त्यांचा माझा नात्याचा काहीच संबंध नव्हता.

मागील वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी या जागा पाहायच्या ठरवल्या. जुनी स्प्लेंडर, एक पिशवी आणि चार-पाच फोन नंबर. आधी वेळापूर, पिलीव, म्हसवड, दहिवडी, वडूज करत मसूर. घरी येऊन पुन्हा टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, वेरूळ आणि औट्रम घाट उतरून चाळीसगाव. दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे अकराशे किलोमीटर झाले. पेट्रोल अठरा लिटर लागले, म्हणजे दोन हजारांच्या आत. मुक्काम चार, त्यांचा खर्च शून्य. तेव्हा स्कॅन्डिनेव्हियाचे गणित आपल्याकडेही जमते, हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर त्या चार मुक्कामांत आहे. दोन मुक्काम आपल्याच साखळीतले. खटाव तालुक्यात एका विद्यार्थ्याच्या मामाकडे उतरलो. भाकरी, पिठलं, ठेचा आणि अंगणात बाज. घरच्या म्हातारीने "कुठलं गाव, आई-बाप काय करत्यात" एवढेच विचारले. चाळीसगावकडेही तसेच. तिसऱ्या ठिकाणी, वेरूळच्या अलीकडे, संध्याकाळी क्लचची तार तुटली. गॅरेजवाला मुसलमान होता. तार बदलायला उशीर झाला तसा म्हणाला, "भाईजान, अंधारात घाट कशाला उतरता? माळ्यावर झोपा." सकाळी चहा दिला आणि पैसे फक्त तारेचे घेतले. त्याने नाव विचारले, आडनाव नाही. १९३४ ची आठवण मला तिथे झाली हे खरे, पण एका गॅरेजवाल्याच्या भलेपणावरून समाज बदलला असे म्हणणे घाईचे होईल. एवढेच म्हणता येईल की दार उघडायचे की नाही हे माणसाला ठरवता येते.

चौथा मुक्काम एका सहकाऱ्याच्या परिचितांकडे, एका गावात. सुशिक्षित घर, दोन मोटारी. स्वागत झाले. मग आडनाव विचारले गेले, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही...' असे म्हणून वाक्य सोडून दिले गेले. जेवायला घरच्यांना स्टीलची ताटे आणि मला व्हरांड्यात कागदी पत्रावळ. "बाहेर गार वारा आहे, बरं वाटेल," असे वर सांगितले. एकही वावगा शब्द नाही. आजची अस्पृश्यता बऱ्याचदा अशी काळजीच्या भाषेत बोलते, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करणेही अवघड होते. खोली भाड्याने घेताना हेच होते. कालपर्यंत रिकामी असलेली खोली आडनाव कळताच आजच दिली गेलेली असते. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांची पाहणी करून २०१५ मध्ये हीच गोष्ट पद्धतशीरपणे मांडली. दलितांना आणि त्याहूनही अधिक मुसलमानांना घर नाकारले जाते, असे त्या अभ्यासातून दिसून आले.

त्या रस्त्याने जाताना आणखी एक प्रवास मला समोरून येताना दिसत होता. गाळप हंगाम तोंडावर होता. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून आमच्याच भागातील कारखान्यांकडे निघाल्या होत्या. बायका, पोरे, भांडी, कोयते, सारे एकत्र. तीही माणसे घर सोडून परमुलखात जातात आणि पाच-सहा महिने राहतात. त्यांच्या मुक्कामाची सोय म्हणजे फडाजवळची कोपी. साखर आपण सगळे खातो, पण त्यांचा यजमान कुणी होत नाही. त्यात दलित आणि भटक्या-विमुक्तांची घरे किती असतात, हे आमच्या भागातील शिक्षकांना सांगायला नको. प्रवासाचे स्वातंत्र्य म्हणताना हाही प्रवास डोळ्यांआड करता येणार नाही.

तर मग स्कॅन्डिनेव्हिया हा स्वर्ग आहे का? तसे समजणे भाबडेपणाचे होईल. याच स्वीडनने १९१४ ते १९५४ या काळात रोमा लोकांना देशात यायला बंदी केली होती. नॉर्वेतही १९२७ पासून १९५६ पर्यंत तशी तरतूद होती. हे रोमा मुळात भारतातून गेलेले भटके लोक. म्हणजे भटक्याला दार बंद करण्याची रीत तिकडेही होती. आणि आजच्या यजमान-पाहुण्यांच्या व्यवस्थेत नाव आणि फोटो आधी पाहिला जातो. घरगुती मुक्कामाच्या व्यवसायाचा अभ्यास करणाऱ्या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की काळ्या लोकांसारखे नाव असलेल्या पाहुण्याला होकार मिळण्याची शक्यता कमी होते. फरक आहे तो एवढाच की तिथे रानातील दोन रात्रींचा हक्क कायद्याने आहे. यजमानाने नकार दिला तरी आकाशाखालची जागा कुणी काढून घेत नाही.

त्या देशांत आपल्यासारखा माणूस गेला तो कसा, हे प्रद्युम्नकुमार महानंदिया यांच्या उदाहरणावरून कळते. ओडिशातील अस्पृश्य घरात जन्मलेले, दिल्लीत चित्रकला शिकलेले, रस्त्यावर बसून लोकांची चित्रे काढणारे. स्वीडनहून आलेल्या शार्लट फॉन शेडविन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्यांना भेटण्यासाठी महानंदिया १९७७ च्या जानेवारीत दिल्लीहून सायकलवर निघाले. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान अशा मार्गाने, वाटेत चित्रे काढून त्या मोबदल्यात अन्न आणि निवारा मिळवत ते युरोपात पोहोचले आणि शेवटचा टप्पा आगगाडीने पार करून मे महिन्यात स्वीडनला गेले. गावातील शाळेत ज्याला वेगळे बसवले, त्याला परमुलखातील अनोळखी माणसांनी घरात घेतले. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला पायी गेले होते आणि १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे पुस्तक त्यातून झाले. तेव्हा आपल्या माणसांनी दूरचा प्रवास केलाच नाही असे नाही. केला, पण प्रत्येकाने तो एकट्याच्या हिमतीवर केला. तशी हिंमत सर्वांजवळ असावी असा आग्रह धरणे म्हणजे प्रश्न पुन्हा व्यक्तीवर ढकलणे होय.

आज शेनगेन व्हिसासाठी नव्वद युरो शुल्क, बँकेचा उतारा, विमा आणि परत येणार असल्याची खात्री द्यावी लागते. ज्याच्या घरी उतरायचे त्या यजमानाचे पत्रही जोडावे लागते. आमच्या मुलांच्या वडिलांच्या खात्यात दाखवण्यासारखी रक्कम नसते आणि परदेशात यजमान नसतो. म्हणून मला वाटते की त्या दिशेची पहिली पायरी आपल्या तालुक्यात आहे. विद्यार्थी संघटनांनी, महाविद्यालयांतील शिक्षकांनी आपली तोंडी साखळी लेखी करावी. कोणत्या गावात, कोणत्या घरी परीक्षेला, मुलाखतीला, अभ्यासाला किंवा नुसते पाहायला आलेल्या मुलाला आणि मुलीला दोन रात्री राहता येईल, याची यादी ठेवावी. मुलींचा विचार आधी करावा, कारण मुक्कामाची सोय नाही एवढ्याच कारणाने त्यांच्या संधी बुडतात. आणि ही यादी सर्वांसाठी खुली असावी. आडनाव न विचारता. आपल्या साखळीने आपल्याला तगवले, पण ती आपल्यापुरतीच राहिली तर जातीने आखलेली रेघ आपणच सांभाळत बसू. ज्याला व्हरांड्यात पत्रावळीवर वाढले गेले त्यानेच आपल्या घरात कुठल्याही जातीच्या पाहुण्याला सोबत ताट मांडून बसवावे. उदारपणा म्हणून नव्हे, तर बाबासाहेबांनी सांगितलेला बंधुभाव घटनेच्या कागदावरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचा हाच मार्ग आहे म्हणून.

श्रीपुरात माझ्या घरी एक बाज आणि एक सतरंजी जास्तीची आहे. यादीत पहिले नाव मी घातले आहे. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, त्यांनी आपापल्या गावची नावे जोडावीत.